लाईट गेली आणि डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणायला लागली, आता काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. घर वाळपईच्या बाजूला, चार टीबीची एक्स्टर्नल डिस्क, तीपण वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी मोठी, आणि तिच्यावर गावच्या जत्रेतली नाटकं, काला, चवथीच्या घुमट आरत्या, भजनी सप्ताह असं पंधराएक वर्षांचं रेकॉर्डिंग, ज्यात आता हयात नसलेल्या तुमच्या काकांचा आवाज आहे. परवा रात्री डेस्कटॉपवरून कॉपी चालू होती, वीज कडाडली, लाईट गेली, आली, परत गेली. आता डिस्क लावली की विंडोज म्हणतं वापरायच्या आधी फॉरमॅट करा, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची नोंद ठेवायची पद्धत) याच्या जागी रॉ, म्हणजे ओळख न पटलेली, असं दिसतं. दुसरी कॉपी कुठेच नाही. भाचा म्हणतो चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, मार, सगळं सरळ होईल. तर मारू का, असा प्रश्न.

नको. फॉरमॅट तर नकोच नको, स्क्रीनवर तो प्रश्न आला की कॅन्सल दाबा, आणि खरं म्हणजे हे वाचून होईपर्यंत डिस्क परत लावूच नका, अडॅप्टर काढून कपाटात ठेवा. तुमचं रेकॉर्डिंग अजून बहुतेक सगळं जागच्या जागी आहे असं तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला वाटतं, आणि ते तसंच राहावं यासाठी पहिले दोन दिवस काय करायचं नाही हेच जास्त महत्त्वाचं आहे.

म्हापशाला मी हे काम वीसेक वर्षं करतोय, आणि माझ्याकडे येणाऱ्या ज्या केसेस हातातून जातात त्यातल्या बऱ्याचशा डिस्क खराब झाली म्हणून जात नाहीत, डिस्क खराब झाल्यावर कुणीतरी तिच्यावर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला म्हणून जातात. हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावरूनच ठरतं. आपल्याकडे एक-चौदाचा उतारा असतो ना जमिनीचा, फाइलसिस्टीम म्हणजे तसलं दप्तर. कुठला तुकडा कुणाचा, कुठून कुठपर्यंत, शेजारी कोण. पाणी लागून दप्तराची चार पानं गेली तरी जमीन हलत नाही, ती आहे तिथेच आहे. आता चेकडिस्क किंवा लिनक्सवरचं एफएसचेक यांना काम काय दिलंय, तर दप्तर आतल्या आत जुळतं करणं. ज्या नोंदीचा मालक सापडत नाही ती खोडायची, दोन नोंदी एकाच तुकड्यावर हक्क सांगत असतील तर भांडण मिटवून टाकायचं, फोल्डरच्या यादीत नाव आहे पण रेकॉर्ड वाचता येत नाही तर नाव उडवायचं. शेवटी दप्तर एकदम स्वच्छ होतं आणि विंडोज खूश होतं, पण त्या खोडाखोडीत तुमच्या काकांचं भजन असेल तर ते प्रोग्रामला ठाऊक नसतं आणि त्याला ते विचारायचंही नसतं. तो त्याचं काम बरोबरच करतोय. तुम्हाला हवं असलेलं काम वेगळं आहे.

तुमच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे. जोवर रॉ दिसतंय तोवर चेकडिस्क बहुधा चालणारच नाही, ते सरळ सांगतं की रॉ ड्राइव्हसाठी मी उपलब्ध नाही. म्हणून लोकांना वाटतं धोका नाही. धोका त्याच्या पुढच्या पायरीवर असतो. कुणीतरी एखादं टूल लावून बूट सेक्टर, म्हणजे फाइलसिस्टीमची ओळख सांगणारा पहिला तुकडा, दुरुस्त करतं, विंडोजला अचानक ओळख पटते की हे एनटीएफएस आहे, आणि पुढच्या रीस्टार्टला ते स्वतःहूनच तपासणी सुरू करतं. काळी स्क्रीन, टक्के पुढे सरकतायत, आणि माणूस समोर बसून समाधानाने बघतोय. फोंड्याच्या एका फोटो स्टुडिओवाल्याची डिस्क माझ्याकडे अशीच आली होती, हे सगळं उरकून झाल्यावर. मूळ फोल्डर, म्हणजे प्रत्येक लग्नाचं नाव आणि तारीख लिहिलेले, त्यातले निम्मे गायब आणि त्यांच्या जागी फाउंड डॉट शून्य-शून्य-शून्य नावाचा एक लपलेला फोल्डर, आत फाइल शून्य-शून्य-शून्य-शून्य डॉट सीएचके अशा नावांच्या हजारो फाइली. एकेक उघडून कुठल्या लग्नाची हे नवरीच्या साडीवरून ओळखत तो माणूस तीन आठवडे बसला होता. जे सापडलं ते सापडलं.

आणि हे मी फक्त दुसऱ्यांचं बघून सांगत नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका शिक्षकांची लिनक्सवाली डिस्क आली होती, फाइलसिस्टीम ईएक्सटी-थ्री, माउंट होत नव्हती, म्हणजे उघडत नव्हती. मी थेट त्या मूळ डिस्कवर ई-टू-एफएसचेक चालवलं आणि प्रत्येक प्रश्नाला हो म्हणायचा पर्याय दिला, मायनस वाय. पाच मिनिटांत माउंट झाली. मी खूश. आत बघतो तर लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डरात नंबरांच्या नावाचे फोल्डर, आणि ज्या फोल्डरात त्यांच्या अकरा वर्षांच्या टाचणवह्या होत्या त्यातल्या बऱ्याच फाइली शून्य लांबीच्या. मी आधी इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, घेतली असती तर परत पहिल्यापासून सुरुवात करता आली असती. घेतली नव्हती, त्यामुळे परतीची वाट नव्हती. त्यांनी मला एक शब्द वाकडा बोलला नाही, पैसेपण देत होते. त्या दिवसापासून मूळ डिस्कवर मी एक बाइटही लिहीत नाही, कितीही घाई असली, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

तर तुमचं पहिलं काम, ऐकणं. खरंच, कानाने. रात्री शांत असताना डिस्क एकदाच लावायची आणि कान जवळ न्यायचा. निरोगी डिस्क एकसारखी घूं करत वेग घेते, मग हलकी खरखर, मग शांत. जर टक-टक-टक असा ठराविक अंतराने ठोका येत असेल, किंवा फिरायला सुरुवात करून थांबत असेल, किंवा कर्र असा घासल्याचा आवाज असेल तर लगेच बंद करा आणि परत लावू नका, कारण तिथे हेड, म्हणजे डेटा वाचणारं टोक, खराब झालंय आणि प्रत्येक सेकंदाला ते प्लॅटरवर, आतल्या फिरत्या तबकडीवर, ओरखडे काढत असू शकतं. ते काम माझ्यासारख्याचंही नाही, ते क्लीनरूम असलेल्या लॅबचं काम, तिथे दाता म्हणून दुसरी डिस्क फोडून तिची हेडं बसवतात. खर्चिक आहे, पण तेवढा एकच मार्ग. यूट्यूबवर बघून डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचं तर मनातही आणू नका, आपल्याकडे पावसाळ्यात हवेत इतकी वाफ असते की फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीला कसा घाम फुटतो ते बघा आणि तोच घाम प्लॅटरवर आल्याची कल्पना करा. पुरात भिजलेली डिस्क आली तर तीपण उन्हात किंवा तांदळात सुकवायची नाही, चालू करायची नाही, ओलसर आहे तशीच हवाबंद पिशवीत घालून लॅबला द्यायची, कारण सुकताना गाळ आत चिकटून बसतो.

आवाज ठीक असेल, आणि लाईट जाऊन बिघडलेल्या केसमध्ये पुष्कळदा ठीकच असतो, तर दुसरं काम केबल आणि अडॅप्टर बदलून बघणं. हे फालतू वाटतं. पण समुद्राच्या कडेच्या घरांतून, कळंगुट, मोरजी, त्या पट्ट्यातून येणाऱ्या डिस्कच्या केबलींच्या पिनांवर मी हिरवट थर बघितलाय, आणि विजेच्या झटक्यात अडॅप्टर अर्धवट मेलेले बघितलेत, जे लाइट पेटवतात पण डिस्कला पुरेसा करंट देत नाहीत. अडॅप्टर बदलताना व्होल्ट आणि अँपियर दोन्ही लेबलवरून जुळवा, बारा व्होल्टच्या डिस्कला लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा लावून बोर्ड जाळलेलेही येतात.

एक गोष्ट मात्र परस्पर करू नका, डिस्क तिच्या बाहेरच्या डब्यातून काढून थेट कॉम्प्युटरच्या आतल्या साटा केबलला लावणं. बरेच लोक सांगतील काढून लाव म्हणून. काही बॉक्समध्ये आतला ब्रिज बोर्ड, म्हणजे डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारा, सेक्टरचा आकार बदलून दाखवतो, डिस्कवर ५१२ बाइटचे सेक्टर आणि कॉम्प्युटरला दिसतात ४०९६ चे, त्यामुळे थेट लावली की पार्टिशनच सापडत नाही आणि माणूस घाबरून नवीन पार्टिशन बनवायला जातो. काही बॉक्समध्ये तर बोर्ड सगळा डेटा एन्क्रिप्ट करूनच लिहितो, तुम्ही पासवर्ड कधी ठेवला नसला तरी, मग थेट लावलेल्या डिस्कवर फक्त कचरा दिसतो. म्हणून मूळ डबा, मूळ बोर्ड जपून ठेवा, मेलेला वाटला तरी फेकू नका.

आता मुख्य काम, इमेज. म्हणजे फाइली कॉपी करायच्या नाहीत, अख्खी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जशीच्या तशी दुसरीकडे उतरवायची, आणि पुढची सगळी उचापत त्या उतरवलेल्या प्रतीवर. यासाठी तुमच्या डिस्कपेक्षा मोठी एक नवी डिस्क लागेल, चार टीबीला पाच किंवा सहाची. होय, पैसे जातील. पण ही डिस्क नंतर तुमचा बॅकअप म्हणून राहणारच आहे.

इमेज विंडोजवर नको, लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवरून, घ्या. विंडोज डिस्क लागली रे लागली की तिच्यात नाक खुपसतं. लिनक्सही पूर्ण साधुसंत नाही, डेस्कटॉप असलेलं लिनक्स आपोआप माउंट करायला बघतं, ते सेटिंग आधी बंद करा आणि डिस्क रीड-ओन्ली करून घ्या, ब्लॉकडेव्ह कमांडने सेट-आर-ओ. ईएक्सटी-फोरवाल्यांना तर इथे एक खड्डा आहे, रीड-ओन्ली माउंट केलं तरी ते जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची वही, परत खेळवतं, म्हणजे डिस्कवर लिहितंच, ते टाळायला सोबत नोलोड हा पर्याय द्यावा लागतो.

टूल एकच सांगतो, जीएनयू डीडीरेस्क्यू. साधं डीडी नको, ते बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारी जागा, आला की अडतं. डीडीरेस्क्यूची खुबी अशी की ते आधी सोपं सोपं उचलतं. खराब जागा लागली की तिथे डोकं आपटत बसत नाही, उडी मारून पुढे जातं, सगळा चांगला भाग हाताला लागला की मग परत येऊन खराब जागांच्या कडा कोरत आत शिरतं. मरायला टेकलेल्या डिस्कसाठी हाच क्रम बरोबर आहे. आणि ते एक मॅपफाइल ठेवतं, कुठलं झालं, कुठलं राहिलं याची, त्यामुळे मध्येच लाईट गेली, डिस्क निसटली, तरी तीच कमांड परत दिली की जिथे थांबलं तिथून पुढे. मॅपफाइल द्यायला विसरलात तर हा सगळा फायदा गेला, आणि ती लाइव्ह पेनड्राइव्हच्या मेमरीत न ठेवता नव्या डिस्कवर ठेवा, नाहीतर रीस्टार्टबरोबर तीही गेली. पहिला फेरा मायनस डी आणि मायनस एन देऊन, म्हणजे थेट वाचायचं आणि कोरकाम नंतर. दुसरा फेरा मायनस एन काढून मायनस आर तीन, म्हणजे राहिलेल्या जागांना तीन वेळा परत प्रयत्न.

कमांडमध्ये आधी मूळ डिस्क, मग इमेज, मग मॅपफाइल. हा क्रम उलटा झाला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. मी कागदावर दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर लिहून घेतो, एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये दिसणाऱ्या नंबराशी बोट ठेवून जुळवतो आणि मगच एंटर दाबतो, इतक्या वर्षांनीसुद्धा. नवी डिस्क एनटीएफएस किंवा ईएक्सटी-फोर असू दे, फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. इमेज फाइल म्हणून उतरवा, थेट डिस्कवर नको, मग कमांडला जबरदस्तीचा पर्याय द्यावाच लागत नाही आणि चुकीला एक दार कमी राहतं.

वेळ किती? डिस्क चांगली असेल आणि यूएसबी-३ असेल तर सेकंदाला शंभर एमबी धरा, चार टीबीला अकरा तासांच्या वर. जुन्या यूएसबी-२ पोर्टवर तेच दीड दिवसाच्या आसपास जातं. बॅड सेक्टर असतील तर आठवडाही जातो. डिस्कला टेबलफॅनचा वारा द्या, आडवी सपाट ठेवा. आणि यूपीएसशिवाय हे काम जूनमध्ये आपल्याकडे सुरूच करायचं नाही. बाहेरचं वीज कडाडणं सुरू झालं की मी डीडीरेस्क्यू कंट्रोल-सीने थांबवतो, प्लग काढतो, गडगडाट गेला की परत लावतो, मॅपफाइल असल्यामुळे काही बिघडत नाही. परवाच्या पावसात एका डिस्कसाठी रात्री साडेतीनपर्यंत असं चार वेळा केलं. स्क्रीनवर ‘वाचवलं’ याच्या पुढे नव्व्याण्णव पूर्णांक नऊ नऊ दिसत होतं आणि उरलेले चौसष्ट केबी हलत नव्हते, मग मायनस मोठा आर देऊन उलट्या बाजूने वाचायला लावलं आणि त्यातले साठ आले. शेवटचे चार केबी नाही आले. त्यात काय होतं ते नंतर बघितलं तर रिकामी जागा.

डिस्कची तब्येत बघायची असेल तर स्मार्टसीटीएल, मायनस ए. त्यात १९७ नंबर, करंट पेंडिंग सेक्टर, आणि ५ नंबर, रीअलोकेटेड, हे वाढत असतील तर डिस्क चाललीय. फक्त १९९ वाढलेला, सीआरसी एरर, बाकी शून्य, तर डिस्क बरी, केबल वाईट.

इमेज हातात आली की खांद्यावरचं ओझं उतरतं. मूळ डिस्क गुंडाळून कपाटात. आता इमेजवर काहीही चुकलं तरी चालतं, जागा असेल तर इमेजचीही एक प्रत काढा.

तुमची डिस्क एनटीएफएस, म्हणून त्याचं थोडं आतलं सांगतो, कारण तुमच्या बाजूने बरंच काही आहे. पहिल्या सेक्टरात बूट सेक्टर, आणि त्याची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरात. मग एमएफटी, म्हणजे तो खरा उतारा, प्रत्येक फाइलला बहुधा १०२४ बाइटचा एक रेकॉर्ड, त्यात नाव, तारखा आणि डेटा कुठल्या क्लस्टरपासून कुठपर्यंत आहे ते. विंडोजने फॉरमॅट केलेल्या मोठ्या डिस्कवर ही एमएफटी बहुतेक वेळा सुरुवातीपासून ३ जीबीच्या आसपास सुरू होते, आणि तिच्या पहिल्या चार रेकॉर्डांची प्रत वेगळी ठेवलेली असते. लाईट जाताना नेमकं या सुरुवातीच्या रेकॉर्डांवर लिहिणं चालू असेल तर विंडोजला दारच सापडत नाही आणि ते रॉ म्हणून मोकळं होतं. पण आत हजारो रेकॉर्ड तसेच बसलेले असतात. इमेज हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडा, ३ जीबीच्या जवळ जा, आणि दर १०२४ बाइटांवर एफ, आय, एल, ई ही चार अक्षरं ओळीने दिसायला लागली की समजा घर शाबूत आहे. मी गिऱ्हाइकाला ही स्क्रीन मुद्दाम दाखवतो. अक्षरांच्या खाली त्यांच्याच फाइलीची नावं दिसतात, अक्षरामध्ये एकेक टिंब घेऊन, आणि माणूस पहिल्यांदा श्वास सोडतो.

मग टेस्टडिस्क, फुकट आहे, इमेज फाइलवर सरळ चालतं. अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये पार्टिशन निवडा, बूट मध्ये जा, ते सांगेल मूळ बूट सेक्टर आणि त्याची प्रत सारखी आहे की नाही, एमएफटी आणि तिची प्रत जुळते की नाही. मूळ वाईट आणि प्रत चांगली असेल तर प्रतीवरून मूळ दुरुस्त करायचा पर्याय तिथेच मिळतो, इमेजवर बिनधास्त करा. त्याच्याही आधी ‘लिस्ट’ दाबून बघा, पुष्कळदा काहीही दुरुस्त न करता अख्खं झाड दिसतं, फोल्डर, नावं, तारखा, आणि तिथूनच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करता येतं. मला स्वतःला हाच रस्ता आवडतो. फाइलसिस्टीम बरी करायची कशाला, तुम्हाला ती परत वापरायची नाहीये, फाइली बाहेर आल्या की झालं.

टेस्टडिस्कने एमएफटी आणि तिची प्रत दोन्ही वाईट असं सांगितलं तरी संपलं नाही. डीएमडीई, आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर ही विकतची टूलं अख्खी इमेज चाळून सुटे पडलेले एमएफटी रेकॉर्ड गोळा करतात आणि झाड पुन्हा बांधतात. त्यांच्या डेमोमध्ये झाड आधी दिसतं, पैसे नंतर, तेव्हा तुमची नाटकं दिसली तरच घ्या.

अगदी शेवटचा उपाय फोटोरेक. ते दप्तर बघतच नाही, सरळ जमिनीवर चालत जातं आणि ओळखीच्या खुणा शोधतं, जेपीईजी एफएफ-डी८-एफएफ ने सुरू होते, वेव्ह आरआयएफएफ ने, वगैरे. नावं, फोल्डर, तारखा सगळं जातं. आणि फाइल तुकड्यातुकड्यांत पसरलेली असेल तर पहिला तुकडा मिळतो आणि पुढे कचरा. फोटो, छोटे ऑडिओ यांना चालतं. तीन-तीन तासांच्या नाटकाच्या व्हिडिओला फारसा भरवसा नाही.

व्हिडिओबद्दल वेगळं बोलायला हवं कारण तुमचा खजिना तोच आहे. जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइली छोट्या छोट्या पाकिटांत असतात, मधलं पाकीट फाटलं तरी पुढचं चालतं, दोन सेकंद चित्र तुटतं एवढंच. कॅमेऱ्यांनी त्या बहुधा तुकडे करून ठेवलेल्या असतात कारण कार्ड फॅट-३२ चं, म्हणजे एका नाटकाच्या चार-पाच फाइली, त्या ओळीने जोडाव्या लागतील. एमपीफोरचं उलट. तिच्यात सगळ्या फ्रेमांची यादी एकाच जागी असते, मूव्ह नावाच्या कप्प्यात, आणि कॅमेरा व मोबाइल तो बहुतेक वेळा रेकॉर्डिंग संपल्यावर शेवटी लिहितात. तो कप्पा नसेल तर चार जीबीची फाइल असूनही एक फ्रेम दिसत नाही. अशा वेळी अनट्रंक नावाचं टूल आहे, त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धडधाकट फाइल नमुना म्हणून द्यायची, ते तिच्यावरून यादी परत बांधतं. म्हणून तो जुना कॅमेरा घरात असेल तर विकू नका, किंवा त्याने काढलेली एखादी चांगली क्लिप नातेवाइकाकडून मागून ठेवा.

कॉपी चालू असताना ज्या फाइली लिहिल्या जात होत्या त्या वेगळ्या धरा. एनटीएफएसचं जर्नल फक्त दप्तराची काळजी घेतं, फाइलीच्या आतल्या मजकुराची नाही. त्यामुळे नाव बरोबर, साइज बरोबर आणि आत नुसती शून्यं असं होतं. साइज बघून समाधान मानू नका, प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वाजवून बघा. शंभरच्या वर असतील तर एफएफएमपेग या व्हिडिओच्या टूलला फक्त एरर दाखवायला सांगून रात्रभर सगळ्या फाइली त्याच्यातून फिरवा, सकाळी यादी तयार. ज्या खराब निघतील त्या डेस्कटॉपवरच्या मूळ जागी अजून असू शकतात, तुम्ही ‘कॉपी’ करत होता की ‘कट’ ते आठवा, आणि तोवर त्या डेस्कटॉपवरही नवीन काही टाकू नका.

दुसऱ्या फाइलसिस्टीमवाल्यांसाठी चार ओळी. पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची मोठी कार्डं एक्सफॅट असतात, जर्नल नाही, सहसा फॅटची एकच प्रत, म्हणून ती काढताना इजेक्ट करणं खरंच गरजेचं. नॅस बॉक्स (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कचा डबा) आणि लिनक्सवर ईएक्सटी-फोर, तिथे सुपरब्लॉक, म्हणजे दप्तराचं मुख्य पान, गेला तर प्रती ठिकठिकाणी असतात, ४ केबी ब्लॉक असेल तर पहिली ३२७६८ व्या ब्लॉकवर, ती देऊन ई-टू-एफएसचेक आधी मायनस एन ने चालवा म्हणजे नुसतं काय करणार ते सांगेल. प्रतींच्या जागा शोधायला एमके-ई-टू-एफएस मायनस एन वापरतात, त्यातला मायनस एन विसरला तर ती कमांड फॉरमॅट करते, म्हणून तीही इमेजवरच. एक्सएफएसवर दुरुस्तीच्या कमांडला मायनस मोठा एल म्हणजे लॉग फेकून देणं, ते सगळ्यात शेवटी. बीटीआरएफएसला चेक-रिपेअर लावू नका, बीटीआरएफएस रिस्टोअर फाइली बाहेर काढतं, ते बघा.

एसएसडी असती तर मी इतक्या आशेने लिहिलं नसतं. तिथे क्विक फॉरमॅट झालं की विंडोज ट्रिम, म्हणजे ही जागा आता मोकळी असा निरोप, पाठवतं आणि नंतर वाचलं की शून्यं येतात. फिरणाऱ्या डिस्कवर क्विक फॉरमॅट म्हणजे नवीन कोरं दप्तर, खालची जमीन बरीचशी तशीच, पण पूर्ण फॉरमॅट विस्टापासून पुढे अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं, त्यानंतर माझ्याकडेही काही नाही. तुम्ही अजून फॉरमॅट केलं नाहीत, चांगलं केलंत.

फाइली आल्यावर तीन जागी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात, शक्यतो दुसऱ्या गावात, बहिणीच्या किंवा मामाच्या कपाटात. आपल्या घरांत पावसाच्या आधी पुरुमेंत भरतात, मिरच्या, सुकी मासळी, आमसुलं, तशी मे महिन्यात एक दिवस ही कॉपी काढायची सवय लावा, आणि पावसाळाभर ती डिस्क कशालाही न जोडता सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद.

आता तुम्ही एवढं करा. आज रात्री डिस्क एकदाच, फक्त अडॅप्टरला लावून, कॉम्प्युटरला न जोडता ऐका आणि आवाज घुमतो की टकटकतो ते मला सांगा. डब्याच्या खालच्या लेबलचा फोटो काढा, मॉडेल नंबर वाचता येईल असा. घुमत असेल आणि लिनक्सची सवय असलेला कुणी जवळ नसेल तर बबलरॅपमध्ये गुंडाळून, मूळ डबा आणि अडॅप्टर सकट, शुक्रवारी बाजाराला म्हापशाला येताना घेऊन या, नवी डिस्क मी इथून मागवून ठेवतो. आणि एका कागदावर काकांच्या भजनाच्या फोल्डरचं नाव आठवेल तसं लिहून आणा, झाड दिसलं की आधी तेच बाहेर काढू.